शेपूट शेवटी

४ जानेवारी

वन्सं,

कशा आहात हे विचारत नाही, कारण त्याचं उत्तर तुम्ही देत नाही. नुसतं सांगायला बसले आहे. टिटवीवरची ताडपत्री काढली.

एवढं लिहून मी थोडी थांबले. तुम्हीही इथेच थांबला असाल तर चहा करून घ्या. पत्र कुठे पळून जात नाही.

झालं असं, की हँगरचा मागचा कोपरा फ्लाइंग क्लबला हवा आहे. तिथलं आपलं टिटवी विमान उडण्याजोगं करा, नाहीतर भंगारात द्या, असं त्यांनी तुमच्या भावाला सांगितलं. ही गोष्ट मामंजींच्या कानावर कशी घालावी या विचारात त्याने जेवताना एकाच भाजीत दोनदा मीठ घातलं. मामंजींनी ताटातून मान वर न करता विचारलं, "काय म्हणताहेत क्लबवाले?" आणि सगळं ऐकून म्हणाले, "रंग काढा."

"म्हणजे उडवायचं?"

"आधी रंग काढा. उडवायचं की नाही ते पत्रा सांगेल." मग हात धुवायला उठता उठता म्हणाले, "आणि शेपूट शेवटी."

शेपूट शेवटी का, हे आम्ही कुणी विचारलं नाही. मामंजींच्या पहिल्या वाक्याला या घरात कधीमधी प्रश्न विचारता येतो, दुसऱ्याला नाही. तुम्ही विचारायचात. तुम्ही गेल्यापासून ती जागा रिकामीच आहे.

तुमच्या भावाला दिवसभर क्लबच्या विमानांची दुरुस्ती असते, तेव्हा रंग काढायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, मी दुकानांच्या पाट्या रंगवणारी बाई, मला विमानातलं काय कळतं? तर तो म्हणाला, "तुला रंगातलं कळतं ना? मग झालं." कौतुक होतं की काम ढकललं, अजून ठरत नाही.

पद्धत अशी. रिमूव्हरचा घट्ट लगदा ब्रशने जाड थापायचा, वर प्लास्टिक अंथरायचं आणि वाट बघायची. हळूहळू रंगाला फोड येतात, कातडी सुटावी तसा तो सुटतो. मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचा. पहिल्याच दिवशी माझ्याकडून घोटाळा झाला. एका कोपऱ्यातला रंग हटेना, म्हणून मी घरून तारेची घासणी नेली. पहिला हात फिरवते तोच मागून आवाज आला, "पातेलं आहे का ते?"

मामंजी काठी टेकत हँगरपर्यंत आले होते! मला वाटतं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. म्हणाले, या पत्र्याला तार लागली की ओरखडा जातो, ओरखड्यातून गंज शिरतो, आणि गंज शिरलेला पत्रा एक दिवस वर, हवेत हिशेब मागतो. मग उलट्या डब्यावर बसले आणि माझ्यावर लक्ष ठेवू लागले. आता रोज बसतात. माझे गुरू व्हायचं त्यांनी ठरवलं आहे, मला कुणी विचारलेलं नाही.

रिमूव्हरने बोटं पोळली आहेत, म्हणून अक्षर असं आलं आहे. एरवी माझ्या अक्षराचे पैसे मिळतात.

तुमची भावजय


१९ जानेवारी

वन्सं,

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी शोधली, नव्हती. पण हातमोजे अगदी माझ्या मापाचे निघाले. माझा हात लहान आहे हे तुमच्या लक्षात आहे तर. मी तुमच्या भावाला काही बोलले नाही, फक्त घालून हिंडले. त्याने विचारलं, "कुठून आणलेस?" म्हटलं, "माहेरून." तो बराच वेळ हसत होता, माझं माहेर पार्सलवरच्या शिक्क्याच्या उलट्या दिशेला आहे म्हणून.

पंख झाले. पोट झालं. टिटवीच्या अंगावर दोन रंग निघाले. वरचा पिवळा, विमानांच्या मेळाव्यासाठी मामंजींनी घाईघाईत दिला होता तो. त्याच्याखाली निळा, तुम्ही तिच्यावर शिकलात तेव्हाचा. माझ्या धंद्यात जुन्या पाट्या खरवडताना आधीच्या दुकानाचं नाव खाली सापडतं, तसंच हे. पिवळा सुटला की तुम्ही दिसायला लागता. डाव्या दाराच्या आतल्या अंगाला ओल्या निळ्यात उमटलेलं एक बोट आहे. मी पट्टी लावणार तोच मामंजी म्हणाले, "ते राहू दे. बजावूनही हात लावला होता तिने." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून "ती" हा शब्द तुमच्यासाठी मी पहिल्यांदा ऐकला.

म्हणून धीर करून एक गोष्ट लिहिते. त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. मी तेव्हा नवी होते, आणि नव्या सुनेने बोलायचं ते सोडून सगळं मी बोलत असे. मेळाव्याहून परत येताना तुम्ही चालवत होतात आणि मामंजी शेजारी बसले होते. शेपूट थरथरायला लागलं, दांडा तुमच्या हातात वेड्यासारखा हलू लागला, आणि तुम्ही टिटवीला नांगरलेल्या शेतात उतरवलंत. चाक मोडलं, मामंजींचा गुडघा गेला, पण दोघं जिवंत राहिलात. चौकशीवाले आले तेव्हा मामंजी खाटेवरून म्हणाले, "वेग जास्त होता. मी तिला सांगत होतो." तुम्ही दाराशी उभ्या होतात. तुम्ही म्हणालात, "नव्हता." एकदाच. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तुमचं उडणं थांबलं, आणि मग तुम्ही दूर नोकरी धरलीत.

मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. कोण खरं बोलतंय ते मला कळलं नव्हतं. मला फक्त एवढं दिसलं, की तुमच्या हातात अजून शेतातली माती होती आणि तुम्हाला हात धू असं कुणी म्हणत नव्हतं.

रागावू नका. हातमोजे परत मागितलेत तरी देणार नाही.

तुमची भावजय


२ फेब्रुवारी

वन्सं,

आज विशेष काही नाही. शेपूट उतरवलं. घोड्यांवर ठेवलं आहे, म्हणजे सुताराकडे असतात तसल्या लाकडी घोड्यांवर. काम थोडं थांबलं आहे. तुमच्या भावाची दाढ दुखते, म्हणून तो नीट जेवत नाही आणि बोलत नाही. मामंजीही चारपाच दिवस हँगरवर आलेले नाहीत. गुडघा.

बाकी ठीक.

तुमची भावजय


८ फेब्रुवारी

वन्सं,

मागच्या पत्रातली दाढ खोटी होती. तुमच्या भावाचे सगळे दात शाबूत आहेत. मला लिहायचं ते लिहिता येईना, म्हणून त्याची दाढ पुढे केली. त्याने मला लिहू नको असं सांगितलं नव्हतं. फक्त म्हणाला, "थांब." मी थांबले. आता पुरे झालं.

तुम्हाला विमानातलं मी काय शिकवणार, पण मला जसं कळलं तसं लिहिते, म्हणजे माझी चूक झाली असेल तर तुम्हाला पकडता येईल.

शेपटाला मागे आडवी हलती झडप असते. तिच्या पुढच्या टोकांना आत शिशाची वजनं असतात, झडपेचा तोल राखायला. झडपेला रंग दिला की ती मागून जड होते. म्हणून रंग दिल्यावर ती उतरवून पात्याच्या धारेवर टांगायची, तोल बघायचा, आणि वजनाचे स्क्रू उघडून शिसं कमीजास्त करायचं. हे केलं नाही तर ती एखाद्या वेगाला आपसूक फडफडायला लागते. तो वेग जास्त असावा लागत नाही. रोजचा, साधा वेगही पुरतो.

"रंग म्हणजे वजन" हे मामंजींचं ब्रीद. हँगरमधल्या भिंतीवर ते मीच मोठ्या अक्षरांत रंगवून दिलं होतं, लग्नानंतर माझं पहिलं काम.

शेपूट उतरवलं त्या दिवशी मी डाव्या टोकावरचा पिवळा काढत होते. स्क्रूच्या डोक्यांवरचा पिवळा सुटला आणि खाली निळा दिसला. अखंड. स्क्रूच्या खाचेत निळा भरलेला, स्क्रू आणि पत्रा यांच्यामधल्या फटीवरून निळा सलग गेलेला, कुठे तडा नाही. पाट्या काढून लावणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. एकदा जरी स्क्रू फिरला असता, तरी तो निळा तुटला असता.

मी तुमच्या भावाला हाक मारली. त्याने भिंग आणलं, दुसरं टोक बघितलं. तिथेही तसंच. तो पाय पसरून जमिनीवरच बसला.

"निळा दिल्यानंतर हे उघडलंच नाहीये," तो म्हणाला. "पिवळा दिला आणि तोल केलाच नाही."

"कुणी?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं. टिटवीला दुसऱ्या कुणी कधी हात लावला होता?

मग म्हणाला, "ताईने वेगमर्यादा मोडली नव्हती गं." आणि रडला. तुमचा भाऊ रडतो तेव्हा नाकाने आवाज करतो. ते ऐकून मला हसूही आलं आणि मग मीही रडले. हातमोजे घातलेले असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

वन्सं, वेग जास्त नव्हता. हे तुम्हाला माहीत होतं की तुम्हीही हळूहळू शंका घ्यायला लागला होतात, हे मला माहीत नाही. इतक्या वर्षांत माणूस आपल्याच आठवणीवरचा विश्वास घालवू शकतो. म्हणून पुन्हा लिहिते. वेग जास्त नव्हता.

मामंजींना अजून आम्ही काही विचारलेलं नाही. ते खोलीतून बाहेर येत नाहीत. शेपूट उतरलं आहे हे त्यांना माहीत आहे.

तुमची भावजय


१२ फेब्रुवारी

वन्सं,

काल मीच त्यांच्या खोलीत गेले. तुमचा भाऊ दाराबाहेर उभा राहिला, आपण ऐकत नाही असं दाखवत.

मी म्हटलं, "मामंजी, स्क्रूवर निळा अखंड आहे."

ते म्हणाले, "हो."

बस. मला वाटलं होतं ते ओरडतील, काठी आपटतील. मी तयारीने गेले होते. त्या "हो"ने माझी सगळी तयारी वाया घालवली. मग मी रागावले. सासऱ्यांना अहोजाहो करत जितकं रागावता येतं तितकं. म्हटलं, "तुम्ही तिच्या तोंडावर सांगितलंत, मी तिला सांगत होतो म्हणून! काय सांगत होतात तुम्ही?"

"काही नाही. मी झोपलो होतो."

"कधी कळलं तुम्हाला?"

"शेतात. उताणा पडलो होतो, तिथून शेपूट समोरच दिसत होतं. पिवळं. बघितलं आणि कळलं." ते पांघरुणाची कड सारखी करत राहिले. "मेळाव्याची घाई होती. तोल परत आल्यावर करू म्हटलं. एका फेरीनं काय होतंय? आयुष्यभर पोरांना ओरडलो त्यावरून. आणि माझ्याच हातून. चौकशीवाले समोर बसले तेव्हा म्हटलं, पोर तरुण आहे, तिला पुन्हा मिळेल उडायला. माझ्या हातावरचा विश्वास गेला तर परत यायचा नाही. असं वाटलं, बाई. त्या वेळी खरंच असं वाटलं."

"आणि नंतर?"

"नंतर ती गेली."

दाराबाहेर नाकाचा आवाज झाला. मामंजी म्हणाले, "आत ये रे, तिथे काय वारा खातोस?"

मग मी विचारलं, की लपवायचंच होतं तर भंगारात का नाही दिलं, रंग काढा कशाला म्हणालात? त्यांनी काठी हाताशी ओढून घेतली. मग म्हणाले, "शेपूट शेवटी म्हटलं होतं ना. तिथपर्यंत पोचायच्या आत मी मरेन असं वाटलं होतं. तू फार भरभर काम करतेस."

माझ्या कामाचं एवढं विचित्र कौतुक अजून कुणी केलेलं नाही.

तुमच्या भावाने त्यांच्यापुढे कागद ठेवला. ताईला चार ओळी लिहा म्हणाला. त्यांनी तो बाजूला सारला. "लिहिलं की मी सुटलो. मला सुटायचं नाहीये. तिने येऊन बघायचं, आणि स्क्रू तिनेच उघडायचे. तोपर्यंत त्या टोकांना कुणी हात लावायचा नाही."

"आणि ती नाही आली तर?"

"तर टिटवी बिनशेपटाची उभी राहील. क्लबवाल्यांना सांग, म्हातारा हटून बसलाय."

तर आता असं आहे. मी बाकीचं काम पुढे नेते आहे. काल प्रायमर झाला. उद्या रंग. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवायची, दारं लावायची, आणि पातळ हात मारायचे, एक उभा, एक आडवा. पांढरा ठरवला आहे. कडेची रेघ कोणत्या रंगाची करायची ते ठरलेलं नाही. ते तुम्ही सांगा.

मी तुम्हाला या म्हणत नाही. ज्या घरात तुमच्या खऱ्याला कुणी हो म्हटलं नाही, त्या घरात बोलवायचा हक्क मला नाही. मी फक्त कळवते, की झडप घोड्यांवर आहे, टोकांना पिवळ्याखालचा निळा तसाच आहे, आणि पेचकस शेजारी ठेवला आहे.

तुमची भावजय


३१ मार्च

वन्सं,

तुम्ही सकाळी आलात आणि संध्याकाळी गेलात. तुमच्यासमोर झालं ते तुम्हाला माहीत आहे. पण माझं मन भरेना, म्हणून थोडं तेही लिहिते.

तुम्ही भिंग घेतलंत आणि कितीतरी वेळ वाकून बघत राहिलात. मग पेचकस लावलात. निळा तुटला तेव्हा पापड मोडावा तसा बारीक आवाज झाला. मामंजींनी डोळे मिटले. मला वाटलं आता तुम्ही काहीतरी बोलाल, आणि ते ऐकायला लागू नये म्हणून मी चहाचं निमित्त शोधत होते. तुम्ही विचारलंत, "गुडघा अजून दुखतो?"

ते म्हणाले, "दुखतो."

"दुखू दे."

आणि ते म्हणाले, "बरं."

मी खूप वर्षं या घरात आहे. बापलेकींचं याहून मोकळं बोलणं मी ऐकलेलं नाही. निघताना तुम्ही मला म्हणालात, "रेघ निळी कर," आणि मागे न बघता चालू लागलात. तुमचा भाऊ फाटकापर्यंत पिशवी धरायला धावला. तुम्ही दिली नाहीत. तो रिकाम्या हाताने परत आला, पण शीळ वाजवत.

आता तुम्ही गेल्यानंतरचं. दुसऱ्या दिवशी मामंजींनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि क्लबवर गेले. चहाच्या वेळी, सगळे बसलेले असताना. मी बरोबर होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "टिटवी पडली ती माझ्या चुकीने. मी रंग दिला आणि तोल केला नाही. माझ्या लेकीचा वेग बरोबर होता. चौकशीत मी खोटं सांगितलं." मग क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "जाऊ द्या आप्पा, किती जुनी गोष्ट."

"जुनी झाली म्हणून हलकी होत नाही," मामंजी म्हणाले. "कागदावर घ्या आणि चौकशीच्या कचेरीत पाठवा." सही होईपर्यंत उभेच होते, त्या गुडघ्यावर. घरी येताना मला म्हणाले, "हात धर." आजवर कधी धरू दिला नव्हता.

झडप झाली. तोल त्यांनी स्वतः केला. आता नजर अधू आहे, म्हणून बोटाने. धारेवर टांगलेल्या झडपेखाली बोट धरलं आणि शिसं तासत राहिले, ती आपोआप आडवी थांबेपर्यंत. मग तुमच्या भावाने तीनदा मापून बघितलं. केसाचाही फरक नव्हता. शेपूट चढलं; मोडलेलं चाक तुमच्या भावाने आधीच बदललं होतं. रेघ निळी केली, आणि नोंदणीची अक्षरं मी हाताने काढली. स्टेन्सिल न वापरता. टिटवी अगदी नव्या शाळकरी पोरीसारखी दिसते.

पण एक अडचण आली आहे. सामान आवरताना तुमच्या भावाने मोजलं, तर जुन्या स्क्रूंपैकी एक कमी. नवे बसवले आहेत, प्रश्न त्याचा नाही. पण हँगरचा नियम तुम्हाला पाठ आहे. काढलेला प्रत्येक स्क्रू आणि प्रत्येक हत्यार हाताला लागल्याशिवाय विमानाचं इंजिन सुरू करायचं नाही, न जाणो ते आतच कुठेतरी पडलेलं असेल. तुमचा भाऊ दोन दिवस टॉर्च घेऊन टिटवीच्या पोटात सरपटत होता. मी केराचा डबा उपसला. हातमोज्यांची बोटंसुद्धा उलटी केली.

मामंजी डब्यावर बसून हे बघत होते. शेवटी म्हणाले, "शोधू नका. तिच्याकडे आहे."

"तिच्याकडे?" तुमचा भाऊ शेपटातून ओरडला. "आणि हे आत्ता सांगता?"

"तिने मुठीत धरलेला बघितला मी."

"मग झालंच की! इंजिन सुरू करू."

"नाही. मी सांगून चालत नाही. ज्याच्या हातात आहे त्याने सांगायचं, हा नियम आहे."

मी म्हटलं, "मी विचारते पत्रात."

"विचारू नकोस," ते म्हणाले. "मला सांगायला किती वर्षं लागली? तिलाही लागू देत."

तेव्हा मी विचारत नाही आहे. मी आज्ञाधारक सून आहे. फक्त कळवते, की टिटवी शेपटासकट हँगरच्या दाराशी उभी आहे, टाकी भरलेली आहे, आणि मामंजी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याशेजारी जाऊन बसतात. डाव्या बाजूला बसतात, दाराच्या आतलं ते बोट जिथे आहे तिथे. क्लबवाले अजून काही दिवस थांबतील. मामंजी किती थांबतील ते मला माहीत नाही.

एवढंच सांगते, पोस्टाने पाठवू नका. स्क्रू फार लहान असतो, वाटेत हरवेल.

तुमची भावजय